थार-जिप्सीचं फाटलेलं हूड घरी कसं सांधायचं

मे महिना संपत आला की हूड, म्हणजे गाडीचं कापडी छप्पर, शिवणाऱ्या कारागिरांच्या दुकानासमोर थार, जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीप ओळीने उभ्या दिसतात. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येणार आणि टपावरची चीर अजून तशीच, हे सगळ्यांना एकदमच आठवतं. कारागीर त्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत बसतो, तरी काम पुरत नाही. खरं तर यातली बरीच कामं घरी होण्यासारखी असतात. एक सुट्टीचा दिवस, योग्य दोरा आणि थोडा धीर एवढंच लागतं.

हा लेख आजवर हूडला सुई न लावलेल्यांसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या: ताण धरायचं काम टाक्याचं, पाणी अडवायचं काम सोल्युशनचं आणि ठिगळाचं. ही कामं एकमेकांवर ढकलली की दुरुस्ती फसते. नुसतं चिकटवलेलं ठिगळ महामार्गावर हुडात वारा भरला की कडेने सुटू लागतं. नुसते टाके घातले तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपतं. आणि कापड ज्या कारणाने फाटलं ते कारण तसंच ठेवलं, तर दोन्ही कामं नीट करूनही नवी चीर जुनीच्या शेजारी उघडते.

आधी कापड ओळखा

आपल्याकडे रस्त्यावर साधारण तीन प्रकारची हुडं दिसतात.

पहिला प्रकार पीव्हीसीचा लेप दिलेल्या कापडाचा. बाहेरून रेक्झिनसारखं, थोडं चकाकणारं, आणि आतल्या बाजूला विणलेल्या धाग्याची जाळी दिसते. २०१० साली आलेली जुनी थार, १९८५ पासून रस्त्यावर असलेली जिप्सी आणि बाजारात शिवून मिळणारी बहुतेक हुडं या कापडाची असतात. म्हणून या लेखातला मोठा भाग त्याच्यासाठीच आहे.

दुसरा प्रकार जाड सुती कॅनव्हासचा. मेण किंवा तत्सम लेप दिलेलं, जड, बहुधा लष्करी हिरव्या रंगाचं. जुन्या जीपवर आणि लष्कराच्या लिलावातून आलेल्या गाड्यांवर ते अजून दिसतं.

तिसरा प्रकार परदेशी कन्व्हर्टिबल गाड्यांचा. वर अ‍ॅक्रिलिक धाग्याचं कापड, मध्ये रबराचा पातळ थर, आत अस्तर. स्पर्शाला ते कापडच लागतं, प्लास्टिक नाही.

ओळखायला अवघड जात असेल तर हुडाच्या आतल्या शिवणीत दुमडलेली कड बघा. तिथे कापडाचे थर उघडे दिसतात. पाण्याचा थेंब टाकून पाहिला तर पीव्हीसीवर तो घरंगळतो, आणि मेण उडून गेलेल्या सुती कॅनव्हासमध्ये हळूहळू मुरतो.

इथे एक इशारा. निळी-पिवळी स्वस्त प्लास्टिकची ताडपत्री ठिगळासाठी वापरू नका. ती पॉलिथिनची असते आणि पॉलिथिनवर कुठलंच सोल्युशन नीट धरत नाही. हातात आलेला तुकडा कशाचा आहे याची शंका असेल तर नखाएवढा कापून पाण्याच्या वाटीत बुडवा आणि त्याचे बुडबुडे झटका. पॉलिथिन वर तरंगतं, पीव्हीसी तळाला जातं.

का फाटलं ते शोधा

या पायरीला नवखा माणूस पाच मिनिटंही देत नाही, आणि म्हणून त्याची दुरुस्ती एक पावसाळाही काढत नाही. चीर कुठे आहे यावरूनच बरंच कळतं.

चीर लोखंडी कमानीच्या बरोबर वर असेल तर कापड कमानीवर घासलं गेलं आहे. आतून कमानीवर बोट फिरवा. रंग उडालेला, गंजाचे टोकदार पापुद्रे सुटलेले आढळतील. पॉलिश पेपरने तो भाग घासून गुळगुळीत करा, रेड ऑक्साइडचा हात द्या, त्यावर रंग द्या आणि रंग पूर्ण वाळला की त्या जागी नवार किंवा जाड सुती पट्टी गुंडाळून टोकं शिवून टाका. सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळायची पद्धत सर्रास दिसते. मला ती पसंत नाही. रबर आणि पीव्हीसी उन्हात एकमेकांना चिकटून राहिले की पीव्हीसीवर तपकिरी-काळे डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

मागच्या कोपऱ्यात, खांबाजवळ चीर असेल तर बहुधा हूड सैल राहून वाऱ्याने फडफडत होतं. तिथले पट्टे, बकलं, टिचबटणं तपासा. एक टिचबटण निघालेलं असलं तरी त्याच्या वाटचा ताण शेजारच्यावर जातो आणि कापड तिथेच फाटतं.

घडीच्या रेषेवर बारीक बारीक तडे दिसत असतील तर कापड कडक झालं आहे. वय, ऊन आणि थंडीत जबरदस्तीने घातलेली घडी ही त्याची कारणं. पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या गाडीत कुरतडल्यासारख्या अर्धवर्तुळाकार कडा दिसल्या तर उंदराचा बंदोबस्त आधी, सुई नंतर.

फांदी लागून किंवा कोणी पातं मारून चीर पडली असेल तर मात्र नशीब चांगलं म्हणायचं. कापड धडधाकट आहे, नुसतं कापलं गेलं आहे. असं काम सगळ्यात छान होतं.

घरी करायचं की कारागिराकडे न्यायचं

चिरेच्या शेजारचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि विरुद्ध दिशांना जोर लावून ओढा. टिकलं तर पुढे चला. वर्तमानपत्रासारखं फाटलं, किंवा लेपाचे पापुद्रे निघून आतली जाळी उघडी पडली, तर कापड संपलेलं आहे. त्याच्यावर मेहनत घेऊ नका. नवं हूड शिवून घ्या.

एक वीतभर लांबीपर्यंतची सरळ चीर, नुसती उसवलेली शिवण, छोटी भोकं, निसटलेली बटणं ही कामं घरी होतात. घडीच्या आडवी गेलेली लांब चीर, सगळ्यात जास्त ताण येतो त्या कोपऱ्यातली चीर, आणि हुडात चिकटवलेली काच सुटणं, ही कारागिराची कामं. मोटरवर उघड-मिट होणाऱ्या हुडाची यंत्रणाही घरी सोडवू नका. तिथे कापड थोडं आकसलं तरी सांगाडा वाकडा बसतो.

सामान

सगळ्यात महत्त्वाचा दोरा. बॅगा आणि सीट कव्हर शिवायला वापरतात तो जाड पॉलिस्टर दोरा घ्या, शक्य असेल तर बाँडेड, म्हणजे लेप देऊन धागे एकजीव केलेला. साधा सुती रिळाचा दोरा हुडावर कुजतो. नायलॉन ताकदीचा असतो, पण उन्हाने पॉलिस्टरपेक्षा लवकर खचतो. मासेमारीचा तंगूस तर अजिबात नको. तो कापडालाच सुरीसारखा कापतो. पुण्यात नाना पेठेत गाडीच्या सामानाच्या दुकानांच्या आसपास किंवा रविवार पेठेत, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजूला चौकशी केली तर दोरा आणि कापड दोन्ही मिळतात. लहान गावात सीट कव्हरवाला किंवा चांभाराला सामान पुरवणारा दुकानदार गाठा.

सुई दोन प्रकारची: एक जाड सरळ, एक अर्धचंद्रासारखी वाकडी. वाकडी सुई गादीवाल्यांकडे असते. हूड गाडीवरच असताना आतून हात पोचत नाही, तेव्हा तीच कामाला येते. पोती शिवायचं दाभण वापरू नका, भोक फार मोठं पडतं. घरातल्या शिलाई मशीनला हे कापड झेपत नाही. सुई मोडून डोळ्याकडे उडण्याची भीती असते.

सोल्युशनच्या बाबतीत जरा जपून. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते काळाच्या ओघात बाहेर येतं आणि साध्या रबर सोल्युशनला मऊ करून टाकतं. म्हणून पंक्चरचं किंवा सुताराचं पिवळं सोल्युशन पहिले काही महिने घट्ट वाटतं, मग कडेने सुटतं. चप्पल-बूट बनवणारे पीव्हीसीच्या तळव्यांना जे पीयू (पॉलियुरेथेन) सोल्युशन लावतात ते मागा. फेविक्विकसारखा झटपट गोंद आणि एपॉक्सी दोन्ही टाळा. ते वाळून काचेसारखे कडक होतात आणि हूड दुमडलं की त्यांच्या कडेलाच नवी चीर पडते.

याशिवाय लागेल: ठिगळासाठी त्याच जातीचं कापड (हूडवाल्याकडची कातरण चालते, बहुधा तो फुकट देतो), मधमाशीचं मेण, अंगुस्तान, सुई ओढायला छोटी पक्कड, शिंप्याचा खडू, मास्किंग टेप, शिवणीवर लावायचं सीलर, लाटणं, मऊ ब्रश, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, पेट्रोल, अ‍ॅसिटोन यांपैकी काहीही कापडाजवळ आणू नका. लेप विरघळतो, आणि पारदर्शक खिडकीवर थेंब उडाला तर ती कायमची धुरकट होते.

काम कधी करायचं

कोरड्या दिवशी, सावलीत, सकाळी. भर उन्हात कापड सैल पडतं; तेव्हा शिवलेलं ठिगळ रात्री थंडाव्यात कापड आकसलं की चुण्या दाखवतं. शिवाय उन्हात सोल्युशन वरून वाळतं आणि आत ओलं राहतं. पावसाळ्यात करायची वेळ आलीच तर बंद शेडमध्ये करा. दमट हवेत वाळत्या सोल्युशनवर बाष्प बसून पांढुरका थर येतो, आणि असा थर आला की ते धरत नाही.

हूड निघण्यासारखं असेल तर काढून सपाट जमिनीवर, चादर अंथरून त्यावर करा. जुन्या थारचं आणि जिप्सीचं हूड काढता येतं. काढण्याआधी कुठला पट्टा कुठून आला त्याचे मोबाइलवर फोटो घ्या. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारच्या कन्व्हर्टिबल टपासारखं जे दुमडतं ते गाडीवरच ठेवा, पण समोरच्या काचेवरचे खटके सोडून ताण काढून टाका. ताणलेल्या कापडाच्या कडा ओढून शिवल्या तर टाके कापडातून फाटत बाहेर येतात.

पीव्हीसी हुडाची चीर: पायरीपायरीने

१. धुवा. साबणाच्या पाण्याने चिरेभोवती हातभर जागा आतून-बाहेरून धुऊन काढा, मग साध्या पाण्याने. पूर्ण वाळू द्या. एक रात्र गेली तरी चालेल. मग अल्कोहोलने भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं येत राहिलं तर पुसत राहा. कधीकाळी डॅशबोर्ड पॉलिश किंवा सिलिकॉन स्प्रे मारला असेल तर ही पायरी दुप्पट मनापासून करा, कारण सिलिकॉनच्या अंशावर काहीच चिकटत नाही.

२. कडा जुळवा. लोंबणारे धागे कात्रीने कापा, पण कापड छाटू नका. छाटलेली प्रत्येक रेघ म्हणजे पुढे कमी पडणारं कापड. कडा एकमेकींना नुसत्या टेकतील अशा आणून बाहेरून आडव्या मास्किंग टेपच्या पट्ट्या लावा. कडा एकमेकींवर चढवू नका. चीर काटकोनात असेल तर आधी कोपरा जुळवा, मग चिरेच्या दोन्ही बाजू.

३. दोऱ्याला मेण द्या. मेणाच्या ढेपेवरून दोरा दोन-तीनदा ओढा. गुंता कमी होतो, दोरा भोकात घट्ट बसतो, पाणीही कमी शिरतं. एका वेळी हाताच्या लांबीपेक्षा जास्त दोरा घेऊ नका.

४. टाके घाला. चीर सुरू होते त्याच्या एक सेंटिमीटर आधी, न फाटलेल्या कापडात सुरुवात करा. गाठ आतल्या बाजूला. सुई उजव्या काठाच्या खालून वर काढा, चिरेच्या फटीतून पुन्हा खाली न्या, मग डाव्या काठाच्या खालून वर, पुन्हा फटीतून खाली, असं आलटून पालटून जा. टेप आड येईल तशी एकेक पट्टी काढत चला. दोन टाक्यांत साधारण ५ मिलिमीटर अंतर ठेवा. काठापासूनचं अंतर मात्र सारखं ठेवू नका: एक टाका ५ मिलिमीटरवर, पुढचा ८ वर. सगळी भोकं एका रेषेत आली की कापड पोस्टाच्या तिकिटांच्या पानासारखं त्या रेषेवर फाटतं. नवख्यांच्या कामात मला हाच दोष सगळ्यात जास्त दिसतो, कारण सरळ रेष डोळ्याला बरी वाटते.

दोरा ओढताना कडा भेटल्या की थांबा. अजून ओढलात तर चिरेवर डोंगररांग उभी राहते आणि तिच्या पायथ्याशी पाणी साचतं. चीर संपल्यावरही एक सेंटिमीटर पुढे जा, दोन टाके उलटे घ्या, गाठ आत मारा.

५. आतलं ठिगळ. चिरेपेक्षा चारही बाजूंनी ३ सेंटिमीटर मोठं कापा आणि कोपरे गोल करा. चौकोनी कोपरा बोटाला, वाऱ्याला, घडीला सगळ्यांना अडकतो आणि तिथूनच उचलतो. खडूने जागा आखून घ्या. ठिगळाला आणि हुडाला, दोन्हींना सोल्युशनचा पातळ हात द्या. जाड थर म्हणजे मजबूत पकड ही समजूत चुकीची आहे. जाड थर आत ओलाच राहतो. डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं थांबा, साधारण १० ते १५ मिनिटं. बोट लावल्यावर ते न चिकटता सुटलं की वेळ झाली. आता ठिगळ मधून टेकवा आणि कडेकडे हात फिरवत न्या. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, म्हणून दुसऱ्या माणसाला एक टोक उचलून धरायला सांगा. वरून लाटणं जोर देऊन फिरवा. हूड गाडीवर असेल तर दुसऱ्या बाजूने कोणीतरी लाकडी फळी टेकवून धरायची.

हे चालू असताना दारं-खिडक्या उघड्या हव्यात. जवळ विडी, उदबत्ती, पेटता गॅस काही नको. सोल्युशनची वाफ पेट घेते आणि डोकंही चढवते.

६. बाहेरचं ठिगळ, गरज असेल तर. चार बोटांएवढ्या सरळ चिरेला ते लागत नाही. बाहेरून शिवणीवर सीलरचा बारीक हात पुरतो. काटकोनी किंवा मोठ्या चिरेला मात्र लावा. त्याचा आकार आतल्या ठिगळापेक्षा वेगळा ठेवा, थोडं लहान किंवा थोडं मोठं. दोन्ही कडा एकावर एक आल्या तर तिथे बिजागरीसारखी दुमड तयार होते आणि वर्षभरात कापड त्या रेषेवर तडकतं. चिकटवून झाल्यावर या ठिगळाच्या कडेपासून ५ मिलिमीटर आत चोहोबाजूंनी टाके घाला, आणि त्या टाक्यांवरही सीलर लावा. बोटाने दाबत लावा, म्हणजे ते भोकात शिरतं.

७. थांबा. २४ तास ताण देऊ नका, ४८ तास पाणी नको. पहिल्यांदा हूड ओढून बसवताना एका झटक्यात खटके लावू नका. अर्धं लावून तासभर ठेवा, मग पूर्ण.

पीव्हीसीचं ठिगळ गरम हवेच्या गनने वितळवूनही जोडता येतं. मोठ्या ताडपत्र्या शिवणारे कारागीर तसंच करतात आणि तो जोड फार मजबूत असतो. पण तापमान थोडं चढलं तर लेप जळतो, थोडं उतरलं तर जोड फसवा राहतो. हात बसलेल्या माणसाकडूनच ते करून घ्या.

नुसती शिवण उसवली असेल तर

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त वेळा लागणारं काम. कापड ठणठणीत असतं, उन्हाने दोरा कुजलेला असतो. इथे नियम एकच: जुन्याच भोकांतून शिवा. नवी भोकं पाडली की शिवणीची पट्टी चाळणी होते. सुटलेल्या भागाच्या दोन्ही टोकांना चार-पाच टाके मागून सुरुवात करा, म्हणजे जुना दोरा पुढे सुटत जाणार नाही. एका दोऱ्याला दोन्ही टोकांना सुया लावून दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून आलटून पालटून गेलात तर एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात.

स्वतःच्या हातावर विश्वास नसेल तर चौकातल्या चांभाराकडे जा. आरीने घातलेला त्याचा टाका हुडाला उत्तम बसतो, आणि जाड कापडाची त्याला सवय असते. फक्त दोरा आपला न्या. या कारागिरांना आपण चपलेच्या अंगठ्यापलीकडे फारसं काम देत नाही, आणि त्यात आपलंच नुकसान आहे.

एक टोक उसवलं असेल तर बाकीच्या शिवणींचा दोराही नखाने खरवडून बघा. भुकटी होत असेल तर सगळं हूड एकदाच मशीनवर पुन्हा शिवून घेणं स्वस्त पडतं. त्या वेळी कारागिराला तीन गोष्टी सांगा: दोरा पॉलिस्टर, शिवण दुहेरी, आणि वरच्या बाजूचा पन्हा खालच्या पन्ह्यावर येईल असा जोड, म्हणजे वाहणारं पाणी जोडात शिरत नाही.

सुती कॅनव्हास आणि परदेशी कापड

सुती कॅनव्हासला सोल्युशन लावू नका. ठिगळाच्या कडा आत दुमडून, कापडाच्या विणीची दिशा जुळवून, दोन ओळींत शिवा. सुताला एक चांगली खोड आहे: ओलं झालं की फुगतं आणि सुईची भोकं बऱ्यापैकी स्वतःच बुजवतं. म्हणून नव्या शिवणीला एकदा पाण्याने चिंब करून पूर्ण वाळू द्या. मग मधमाशीचं मेण आणि पॅराफिन एकत्र वितळवून थंड केलेली वडी कापडावर घासा आणि हेअर ड्रायरने ऊब देत ते आत मुरवा. गाडी उन्हात तापली की थोडं मेण पहिल्या आठवड्यात हाताला लागतं, नंतर बसतं.

तिसऱ्या, म्हणजे रबराचा थर असलेल्या कापडाला बाहेरून ठिगळ लावलं तर ते कायम दिसतं. बारीक भोक असेल तर आतून छोटा तुकडा चिकटवा, शिवण गेली असेल तर जुन्या भोकांतून शिवा, आणि कापडासाठी मिळणारा जलरोधक स्प्रे मारा. त्याहून मोठं काही असेल तर कारागिराकडे.

मागची पारदर्शक खिडकी

पीव्हीसी हुडात ही काच नसते, पारदर्शक पीव्हीसी असतं. तिला तडा गेला तर शिवू नका. टाक्याच्या भोकांतून तडा पुढे धावतो. दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावून वेळ मारून न्या आणि खिडकी बदलून घ्या. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीचा पारदर्शक शीट मागा. त्याहून पातळ शीट वाऱ्यात फुगतो आणि लवकर पिवळा पडतो. धुळीची खिडकी कोरड्या फडक्याने पुसणं बंद केलं तरी तिचं आयुष्य बरंच वाढतं. आधी पाणी, मग साबण, मग मऊ फडकं. गुंडाळताना मध्ये जुना मऊ धोतराचा तुकडा ठेवा.

चेन आणि टिचबटणं

चेन अडकत असेल तर दातांवर मेणबत्ती घासा. दात शाबूत असून चेन मागून उघडत असेल तर बहुधा फक्त रनर बदलावा लागतो. समुद्राकाठी, रत्नागिरी-मालवण-गोवा पट्ट्यात, धातूच्या चेनपेक्षा प्लास्टिकच्या मोठ्या दातांची चेन टिकते. टिचबटणं पितळी घ्या. गंजणारं लोखंडी बटण उघडताना स्वतः निघत नाही, कापड घेऊन निघतं. बटण पुन्हा बसवताना त्याच्यामागे जाड कापडाची चकती ठेवा, नाहीतर जुनं भोक आणखी मोठं होतं.

पाण्याची परीक्षा

बागेचा पाइप घ्या, प्रेशर वॉशर नाही. धार मंद ठेवा आणि खालून वर जा: आधी दाराच्या कडा, मग बाजू, मग टप, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं. एकदम वरून पाणी सोडलं तर ते कुठून शिरलं हे कधीच कळत नाही. आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसायला हवं, सीटवर वर्तमानपत्रं अंथरून. पाणी कमानीवरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकतं. डाव्या सीटवर थेंब पडतो म्हणून डावीकडचं ठिगळ उचकटायचं, आणि भोक असतं उजव्या शिवणीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. ओल्या कमानीवर बोट फिरवत उलटं मागे जा, उगम सापडतो. दुमडणाऱ्या हुडाच्या गाड्यांत पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीही बघा. तिथे गुलमोहराची पानं अडकली तर दुरुस्ती कितीही चांगली असली तरी गाडी आतून भिजणार.

वाटेत फाटलं तर

ताम्हिणीत किंवा आंबोलीत भर पावसात चीर पडली तर हे सगळं करता येत नाही. गाडी आडोशाला घ्या, कापड आतून-बाहेरून कोरडं पुसा, आणि कापडी पाठीची रुंद टेप आधी आतून, मग बाहेरून लावा. कोपरे गोल कापून. वेग कमी ठेवा, बाजूच्या खिडक्या बंद ठेवा म्हणजे हुडात वारा भरत नाही. घरी पोचल्यावर दोन-तीन दिवसांत टेप काढा. जास्त राहिली तर तिचा चिकटा पीव्हीसीत मुरतो आणि पुढच्या सोल्युशनला धरू देत नाही. सेफ्टी पिना लावायचा मोह होतो, पण प्रत्येक पिनेचं भोक हे नव्या चिरेचं तोंड असतं.

पहिल्या महिन्यात

पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांनंतर ठिगळाच्या कडेवरून नख फिरवा. कुठे उचललेली वाटली तर ती तेवढीच जागा पुसून, वाळवून, बारीक ब्रशने सोल्युशन आत घालून पुन्हा दाबा. सगळं ठिगळ उपटू नका. ओलं हूड दुमडून ठेवू नका, एका रात्रीत बुरशीचा वास धरतं. दुमडलंच असेल तर घरी आल्यावर आधी उघडून पंख्याखाली वाळवा. महाबळेश्वरच्या थंड सकाळी पीव्हीसीचं हूड लगेच उघडू नका. ऊन लागून कापड मऊ पडलं की मग घडी घाला. पक्ष्याची शीट आणि झाडाचा चीक त्याच दिवशी पाण्याने धुवा. टायरला लावायचं चकचकीत पॉलिश हुडावर मारू नका, म्हणजे पुढच्या वेळी ठिगळ लावायची वेळ आली तर सोल्युशन धरेल.